सभासदांस कळवावयाचे कसे? ईमेलचे पत्र की संदेशफलक

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे एक साधा दिसणारा प्रश्न आला आणि त्यावर सभा दिवेलागणीपर्यंत चालली. सभासदांस जे कळवावयाचे ते ह्यापुढे प्रत्येकाच्या नावे ईमेलने पाठवावे, की संस्थेचा म्हणून एक संदेशफलक संगणकावर उघडावा, तेथे सर्व मजकूर मांडावा आणि ज्यास पाहिजे त्याने आपल्या फोनवरून तो पाहावा? तरुण सभासदांचा कल फलकाकडे, तर वयस्कर मंडळींचा पत्राकडे. उरलेल्यांचे म्हणणे असे पडले की व्हॉट्सॲपवर सारे चालतेच आहे, मग हा खटाटोप कशास? अखेरीस ह्या विषयाचा नीट विचार करून मासिकात चार शब्द लिहावे असे ठरले व ते काम आमच्याकडे आले.

संगणकाचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. परंतु एका ठिकाणी झालेली गोष्ट अनेकांस कळविणे हे काम आम्ही महसूल खात्यात तीस वर्षे केले. नोटिसा काढल्या, बजावणीच्या पोचा नस्तीस लावल्या, चावडीवर कागद डकवून त्याचे पंचनामे घेतले, दवंड्या पिटविल्या. साधने बदलली, तरी जो घोटाळा त्या वेळी होत असे तोच आज फोनच्या पडद्यावर होत असलेला आम्ही पाहतो. म्हणून प्रथम आमच्या ओळखीच्या दप्तरातूनच हा विषय मांडतो.

शेतजमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याची नोंद घेतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु घेतलेली नोंद लोकांस कळवावी कशी, ह्याविषयी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० मध्ये काय सांगितले आहे तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. त्या कलमाप्रमाणे तलाठ्याने नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावली पाहिजे; आणि ज्यांचा त्या नोंदीशी हितसंबंध आहे असे दप्तरावरून दिसते, किंवा असावा असे मानण्यास कारण आहे, त्या सर्वांस लेखी कळविले पाहिजे. कोणाची हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये, चढते. येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही की कायदा चावडी ‘किंवा’ पत्र असे म्हणत नाही. चावडी ‘आणि’ पत्र असे म्हणतो.

असे का केले असावे? ज्यांची नावे दप्तरात आहेत त्यांस पत्राने गाठता येते. पण जमिनीवर एखाद्याचे कर्ज असते, कोणाची वहिवाट असते, कोणाशी साठेखत झालेले असते. अशा माणसाचे नाव तलाठ्यास कोठून ठाऊक असणार? त्याच्यासाठी चावडी. उलट जो माणूस गावातच राहत नाही त्यास चावडीचा काडीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी पत्र.

ह्या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आम्हांस चांगलाच आला आहे. आम्ही उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत असताना एका बाईचे अपील आले. बाप वारला, मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण. भावांनी वारसाचा अर्ज दिला त्यात बहिणीचे नाव लिहिले नाही. नोंद झाली, प्रत चावडीवर लागली, पंचांच्या सह्या झाल्या. नोटिसा ज्यांस गेल्या ते दोघेही भाऊच. मुदतीत हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली. बहीण दोन तालुके ओलांडून सासरी. तिला हे कित्येक वर्षांनी कळले. प्रकरण हाती येताच आम्ही नेहमीच्या सरावाने टिपणी लिहिली की, चावडीवर रीतसर प्रसिद्धी झालेली आहे, सबब विलंब माफ करण्यास सबळ कारण दिसत नाही. तारखेच्या दिवशी ती बाई आमच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, “भाऊसाहेब, चावडीवर लावलेला कागद मला कसा दिसावा? मी त्या गावात राहते का?” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. साहेबांनी आमची टिपणी बाजूस ठेवली, विलंब माफ केला आणि नोंद रद्द करून फेरचौकशीस पाठविली. परंतु मधल्या काळात विहिरीकडील शेत भावांनी विकून टाकले होते. त्यासाठी बाईंस दिवाणी न्यायालयात जावे लागले. आम्ही निवृत्त झालो तेव्हाही तो दावा चालू होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ईमेल म्हणजे नावानिशी पाठविलेले पत्र. संदेशफलक म्हणजे चावडीची भिंत. फरक एवढाच की तिच्यावर कागद लावण्याचा अधिकार सर्व सभासदांस असतो आणि एकाने लावलेल्या कागदाखाली दुसरा उत्तर लिहू शकतो. पत्रात चालण्याचे श्रम पाठविणाऱ्याकडे असतात. फलकावर ते वाचणाऱ्याकडे जातात. कोणत्या कामी कोणते साधन घ्यावे ह्याचा निर्णय बहुतेक वेळा एवढ्या एका विचारावर होतो: सभासद फलकाकडे फिरकलाच नाही तर नुकसान कोणाचे?

ही दोन साधने निघाली ती मुळातच निरनिराळ्या गरजांतून. संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याची युक्ती रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केली. पत्त्यात माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये जे वेटोळे चिन्ह आपण घालतो ते त्यानेच निवडले. हेतू एवढाच की माणसाचे पत्र माणसास मिळावे. संदेशफलकाची गोष्ट निराळी आहे. १९७८ च्या जानेवारीत शिकागो शहरी मोठा हिमवर्षाव होऊन लोक घरात अडकून पडले. तेथे संगणकाची हौस असलेल्या मंडळींचा एक क्लब होता. त्यातील वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस ह्या दोघा सभासदांनी त्या सक्तीच्या रजेत काम आरंभून १६ फेब्रुवारी १९७८ रोजी टेलिफोनच्या तारेवरून वाचता येईल असा फलक चालू केला. क्लबाच्या भिंतीवर बुचाच्या लाकडाचा फळा असे व सभासद त्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावीत, त्याचीच ती नक्कल होती. एका वेळी एकच माणूस तो वाचू शके. दुसऱ्याने फोन लावला तर तार गुंतलेली असे. सांगावयाचे एवढेच की फलक हा मुळात मंडळाच्या सभासदांनी आपसांत विचारविनिमय करण्यासाठी काढला, हुकूम बजावण्यासाठी नव्हे.

ईमेलचा मोठा गुण हा की तो नावाने जातो, त्यावर तारीख-वेळ पडते आणि त्याची प्रत संस्थेच्या दप्तरी राहते. आवक-जावक बारनिशी ठेवणाऱ्या माणसास ह्याचे मोल सांगावयास नको. परंतु ज्या कामी दहा जणांनी दहा मते द्यावयाची असतात तेथे हेच पत्र गळफास होते. शेजारच्या तालुक्यातील एका उपसा सिंचन संस्थेत घडलेली हकीकत सांगतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही; मंडळी भली आहेत.

ऐन रब्बीत पंपाची मोटार जळाली. पाण्याची पाळी तीन दिवस पुढे जाणार, असे चिटणिसांनी सर्व सभासदांस एकाच ईमेलने कळविले. इथवर ठीक. परंतु पत्ते सर्वांस दिसतील असे लिहिलेले होते, त्यामुळे एकाने उत्तर दिले तेही सर्वांस गेले. मोटार कोणाच्या पाळीत जळाली, हा पहिला प्रश्न. त्यावर खुलासा, खुलाशावर टोमणा. मग गेल्या वर्षीच्या दुरुस्तीच्या बिलाचा वाद निघाला. दोन दिवसांत एकाच मथळ्याखाली तीसावर पत्रे झाली. तिसऱ्या दिवशी चिटणिसांनी त्याच मथळ्याखाली आणखी एक पत्र धाडले की ह्या वेळी पाणी टेलकडून सुरू होईल, तरी टेलकडील सभासदांनी आज रात्रीच दारे धरावीत. ज्यांच्यासाठी ते पत्र होते त्यांतील दोघांनी ते उघडलेच नाही. पुन्हा तेच भांडण असेल असे समजून ते निजले. त्यांचा गहू वीस दिवसांचा होता. गव्हास पेरणीपासून १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळे फुटू लागतात आणि त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, हे आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? पाणी त्यांच्या बांधावरून निघून गेले. पुढील पाळी दोन आठवड्यांनी आली.

ह्यात दोष ईमेलचा किती आणि योजनेचा किती? आमच्या मते हुकूम आणि चर्चा एका टोपलीत घातली हा दोष. चिटणिसांनी पत्ते एकमेकांस दिसू न देता, म्हणजे ज्यास मुले ‘बीसीसी’ म्हणतात त्या रकान्यात लिहून पत्र धाडले असते तर उत्तरे फक्त त्यांच्याकडे आली असती. दुसऱ्या हुकुमास नवा मथळा द्यावयास हवा होता व त्या मथळ्यातच तारीख आणि ‘टेलकडून पाणी, आज रात्री’ हे शब्द घालावयास हवे होते. मोटारीचा वाद घालावयास एखादी निराळी जागा असती तर तो तेथे खुशाल चालला असता. त्याने कोणाचा गहू वाळला नसता.

ती निराळी जागा म्हणजे फलक. त्याचे गुण पाहावयाचे तर पाण्याची पाळी सोडून शेतातील किडीकडे यावे. २०१८ साली मक्यावर नवी लष्करी अळी आपल्या देशात प्रथम आली तेव्हाची धांदल आठवा. जो तो विचारी, ही तीच का? एकाच प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या कचेरीतून एकेकास निरनिराळे लिहावे लागले. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी पांढुरकी खूण आणि शेपटाजवळच्या एका वेढ्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही ओळख ज्याने ईमेलने विचारले त्यास मिळाली. शेजाऱ्याने विचारले नाही, त्यास मिळाली नाही. फलक असता तर एकाने अळीचे छायाचित्र लावले असते, जाणकाराने खाली एकदाच उत्तर लिहिले असते, कोणी आपल्या शेतावरील अनुभव जोडला असता आणि पुढल्या वर्षी प्रथमच मका पेरणाऱ्या सभासदासही ते सारे एके ठिकाणी वाचावयास मिळाले असते. दुसरे असे की एखाद्याने औषधाचे प्रमाण चुकीचे लिहिले तर फलकावर त्याच्याच खाली दुरुस्ती लागते. ईमेलने गेलेली चूक मात्र ज्याच्या त्याच्या घरी जाऊन बसते आणि दुरुस्तीचे पत्र तिच्या मागे धावत राहते.

परंतु फलक आपल्या पायांनी कोणाकडे जात नाही. चावडीवर लोक जात ते नोटिसा वाचावयास नव्हे. सारा भरावयास, उतारा काढावयास किंवा नुसते बसावयास जात आणि जाता जाता भिंतीकडे नजर टाकीत. आता उतारा घरबसल्या मिळतो, पीकपाहणीची नोंद २०२१ पासून शेतकरी स्वतः फोनवर करू लागला, तेव्हा चावडीचे पायही कमी झाले. संगणकावरील फलकास तर तेवढेही निमित्त नसते. आमच्या माहितीतील एका मंडळाने मोठ्या हौसेने फलक उघडला. पहिल्या पंधरवड्यात मजकुराची गर्दी उडाली. विषयांची दालने वीसेक काढली होती. कोणती गोष्ट कोठे लिहावी हेच कळेना. एका सभासदाने डाळिंबावरील तेल्याविषयी विचारले, त्यास महिनाभर कोणी उत्तर दिले नाही. दिवाळीपर्यंत फलकावर येणारा माणूस एकच उरला, तो म्हणजे ज्याने तो उघडला तो.

ह्यावरून आमचे मत असे बनले आहे की फलक काढावयाचा तर आधी दोन माणसे नेमावी, एक नव्हे. त्यांनी आठवड्याची पाळी लावून रोज एकदा फलक पाहावा आणि कोणताही प्रश्न दोन दिवसांपेक्षा जास्त निरुत्तर राहू देऊ नये. उत्तर ठाऊक नसेल तर ‘कृषी विज्ञान केंद्रात विचारून कळवितो’ एवढे तरी लिहावे व खरोखरच विचारावे. दालने चार-पाच पुरेत: पाणी, पीक व कीड, बी-खत, संस्थेचे कामकाज आणि किरकोळ. जुनी सूचना तारीख उलटताच काढून ‘जुने’ ह्या दालनात टाकावी. चावडीच्या भिंतीवर खळीने चिकटविलेल्या कागदांचे थर आम्ही पाहिले आहेत. वरचा कागद वाऱ्याने फाटला की खालचा दिसू लागतो. आणि एकदा एक गृहस्थ असा उघडा पडलेला जुना लिलावाचा जाहीरनामा वाचून बैलगाडी जुंपून तालुक्यास आले होते. लिलाव होऊन तीन वर्षे झाली होती. त्यांस चहा पाजून परत धाडले, दुसरे काय करणार?

व्हॉट्सॲपविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सभेत अर्ध्या लोकांचा भर त्यावर होता. आमच्या समजुतीने तो पत्रही नव्हे आणि फलकही नव्हे. तो गावचा पार आहे. पारावर बातमी लवकर कळते हे खरे. गारपिटीचा अंदाज, बाजारात आज आवक किती, कोणाची गाय सुटली, ह्यास त्याहून चांगले साधन नाही. परंतु सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सुप्रभातांच्या आणि वाढदिवसांच्या खाली गाडली जाते आणि कंटाळलेला सभासद आवाज बंद करून ठेवतो. पारावर बोललेल्या शब्दावर संस्थेचा कारभार चालवू नये. ज्यांस तो चालू ठेवावयाचा त्यांनी ठेवावा. संस्थेने त्यावर अवलंबून राहू नये.

तेव्हा कोणते काम कोठे? ज्या गोष्टीने एखाद्या सभासदावर ठरावीक तारखेस काही बंधन येते किंवा त्याचा काही हक्क बुडू शकतो, ती गोष्ट नावानिशी पत्राने गेलीच पाहिजे. पाळीतील बदल, वार्षिक सभेची नोटीस, भागभांडवलाची किंवा पाणीपट्टीची मागणी, निवडणुकीची यादी आणि तिच्यावरील हरकतीची मुदत, ही सर्व ह्या सदरात येतात. पत्रात मुद्द्याची गोष्ट पूर्ण लिहावी. ‘तपशील फलकावर पाहावा’ असे लिहून पाण्याची वेळ फलकावर ठेवणारा चिटणीस आमच्या हाताखाली असता तर त्यास आम्ही चार गोष्टी सुनावल्या असत्या. मात्र सभेची विषयपत्रिका पत्राने पाठवून लांबलचक हिशेबपत्रके फलकावर ठेवण्यास हरकत नाही. कलम १५० ची रीत हीच आहे.

उलटपक्षी जेथे उत्तर अनेकांस उपयोगी पडावयाचे आहे, जेथे मते ऐकून मग ठरवावयाचे आहे, जेथे आजचा मजकूर पुढील वर्षीही वाचला जाईल, ते सर्व फलकावर जावे. बियाणे एकत्र खरेदी करावे का, कोणते वाण कोणाच्या जमिनीत कसे आले, मोटार जळण्याचे कारण काय, हे सारे तेथे. तक्रारींविषयी मंडळात मतभेद आहे. आमचे मत असे की कामाविषयीची तक्रार फलकावर अवश्य येऊ द्यावी आणि तिचे उत्तरही तेथेच द्यावे. माणसाविषयीची तक्रार अध्यक्षांस पत्राने यावी. बाकीदारांची यादी मात्र फलकावर लावू नये. वसुलीच्या कामात आम्ही आयुष्य घालविले आहे. चारचौघांत नाव लावल्याने पैसा येतो असा कित्येकांचा समज असतो. आमच्या पाहण्यात बहुधा वैर आले, पैसा त्यामागून आलाच तर कोर्टातून आला. बाकी कळवावी ती ज्याची त्यास.

फार लहान मंडळास ह्यातील काहीच नको. वीस-पंचवीस माणसे, सारी एकाच शिवारातील, बाजाराच्या दिवशी भेटणारी. त्यांनी एक वही ठेवावी आणि सह्या घ्याव्या.

आता ज्या गोष्टीकडे आमच्या सभेत कोणाचेच लक्ष गेले नाही ती सांगतो. ती म्हणजे पत्ते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये अशी पत्रे पोचली केव्हा समजावी हे लिहिले आहे. ज्यास पत्र धाडावयाचे त्याने अमुक ठिकाणी मला पत्र पाठवा असे नेमून दिलेले असेल, तर त्या ठिकाणी पत्र शिरताच ते पोचले असे कायदा धरतो. त्याने ते वाचले की नाही हे पाहत नाही. नेमून दिलेल्या ठिकाणाऐवजी त्याच माणसाच्या दुसऱ्याच पत्त्यावर पत्र धाडले, तर मात्र तो ते तेथून काढून घेईल तेव्हाच पोचले असे समजतात. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. ह्याचा व्यवहारातील अर्थ असा की संस्थेने प्रत्येक सभासदाकडून ‘मला पत्रे ह्या पत्त्यावर पाठवावी’ असे लिहून घेतले पाहिजे. आज आपल्या यादीत जे पत्ते आहेत ते कोणी दिले? काही शेजाऱ्याने सांगितले, काही खताच्या दुकानदाराने उघडून दिले, काही कर्जाचा अर्ज भरताना कोणीतरी घातले आणि त्याचा परवलीचा शब्दही कोणास आठवत नाही.

आम्ही सभेनंतर यादी घेऊन बसलो. खाते बापाचे, ईमेल मुलाचा आणि मुलगा पुण्यास नोकरीस, अशी उदाहरणे पुष्कळ निघाली. मुलगा चांगला असेल तर रविवारी फोन करून सांगतो. पाण्याची पाळी शुक्रवारी निघून गेलेली असते. तीन सभासद वारलेले असून त्यांच्या नावे पत्रे जातच आहेत. परंतु आमची नजर ठरली ती बायकांच्या नावांवर. आपल्या संस्थेत ज्या भगिनी स्वतःच्या सातबाऱ्यावर सभासद आहेत त्यांतील एकीच्याही नावापुढे तिचा स्वतःचा पत्ता नाही. नवऱ्याचा आहे, दिराचा आहे, एकीच्या नावापुढे भावाचा आहे. तो भाऊ तिचा सामाईक हिस्सेदारही आहे. त्या नावावर बोट ठेवून आम्ही थोडा वेळ तसेच बसलो. पत्र जाईल, पोचल्याची नोंद होईल, दप्तर पूर्ण होईल. आणि तिला काही कळणार नाही.

म्हणून पत्ता ज्याचा त्याने स्वतः द्यावा. बाई सभासद असेल तर संस्थेच्या माणसाने तिला प्रत्यक्ष विचारून लिहून घ्यावा, घरातील दुसऱ्या कोणास विचारून नव्हे. तिच्यापाशी ईमेल नसेल आणि साधा फोन असेल तर तो क्रमांक लिहावा आणि फोन करून सांगितल्याची तारीख-वेळ वहीत टिपावी. दरवर्षी पाणीपट्टी भरतेवेळी पत्ता बदलला का, हे विचारण्याची चाल पाडावी, जसा दरवर्षी ८-अ ताजा करून घेतात तसा. सभासद वारल्याचे कळताच वारसांस विचारून यादी दुरुस्त करावी, आणि वारस किती व कोण हे एकाच वारसाच्या तोंडून ठरवू नये.

हे सर्व आम्ही मंडळास लेखी दिले. मंडळाने तूर्त असे ठरविले आहे की पत्त्याचे कोरे नमुने छापून ह्या अंकासोबत सभासदांस द्यावे. ते भरून, सही किंवा अंगठा करून रब्बीची पहिली पाळी सुटण्यापूर्वी कचेरीत आणून द्यावे. पाळीची आणि सभेची पत्रे ईमेलने, पत्ते झाकून जातील. फलक एका हंगामापुरता उघडावा व पीक-कीड आणि पाणी ही दोनच दालने ठेवून पाहावे. देखरेखीस दोन तरुण सभासद पुढे आले आहेत.

एक गोष्ट मात्र अनिर्णीत राहिली. ज्यांच्यापाशी फोनही नाही असे नऊ सभासद आहेत. त्यांच्या घरी निरोप घेऊन जाण्यास पूर्वीच्या कोतवालाप्रमाणे माणूस हवा. संस्थेचा पाटकरी हे काम करण्यास कबूल आहे. फेरीस किती पैसे द्यावे ह्यावर एकमत झाले नाही. तो विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर पहिला ठेवला आहे, आणि त्या सभेची नोटीस ह्या नऊ जणांस आम्ही स्वतः जाऊन देणार आहोत.